एक डाळिंब, दोन बार

दिवाळीला सेलूला घरी गेलो होतो. पुलगावहून मामा-मामी आले होते. मामाचा धाकटा दिवसभर मोबाईलवर गेम खेळत बसलेला. मधेच म्हणाला, "दादा, ग्रेनेड म्हणजे काय?"

"हातबॉम्ब."

"थे माहीत आहे. पण त्याले ग्रेनेडच काऊन म्हणतात?"

आली का पंचाईत! चार वर्षं इंजिनिअरिंग, त्यानंतर आयटी, पण हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. गुपचूप शोधलं. तर मंडळी, ग्रेनेड म्हणजे चक्क डाळिंब! लॅटिनमधे 'ग्रॅनम' म्हणजे दाणा. त्यावरून दाणेदार फळाला फ्रेंचमधे हे नाव पडलं. पुढे १६व्या शतकात दारू ठासलेल्या छोट्या गोळ्यालाही तेच चिकटलं. तसाच गोल, आत तसंच भरलेलं. तो फेकणारा सैनिक म्हणजे ग्रेनेडियर. आपल्या लष्करातल्या 'द ग्रेनेडियर्स' रेजिमेंटचं नाव त्यातूनच आलंय.

आता गंमत बघा. पुण्यातला माझा रूममेट ज्याला भुईनळा म्हणतो, तो आमच्याकडे अनार. आणि अनार म्हणजे फारसीत... डाळिंब! फळ एकच. एकाने त्यात बॉम्ब पाहिला, दुसऱ्याने रोषणाई. कोड रिव्ह्यूत कोणी फंक्शनला असं नाव दिलं तर मी लगेच परत पाठवतो, नावावरून काम कळायला नको का?

मी हे सगळं रंगवून सांगत होतो. मामा हसला नाही. मग माझी ट्यूब पेटली.

३१ मे २०१६. त्या रात्री पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेले कित्येक कर्मचारी गेले. धाकटा तेव्हा सहा महिन्यांचा. त्याला चादरीत गुंडाळून मामा-मामी अंधारातच घराबाहेर पडले होते. तेव्हापासून दिवाळीत बाहेर फटाके सुरू झाले की मामा आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसतो. आम्ही कोणी काही विचारत नाही.

संध्याकाळी धाकट्याने अनारचा डबा घेतला आणि थेट आतल्या खोलीत गेला.

"बाबा, चला ना. हा फुटत नाही. हे डाळिंब आहे, दादानं सांगितलं."

मामा उंबऱ्यापर्यंत आला. दोन अनार जळेपर्यंत चौकट धरून उभा राहिला. मग आत गेला.

टीव्हीचा आवाज त्या दिवशी जरा कमी होता. किंवा मला तसं वाटलं असेल. असो.