गोंगाट

परवा पुण्याहून पुतण्याने मोबाईलवर एक लिंक पाठवली. "काका, ऐका. पण पूर्ण ऐका." रात्री जेवणं झाल्यावर लावलं. पियानोवर कुणीतरी मुठी आपटतंय, ड्रम भलत्याच वाटेने चाललाय, मध्येच काहीतरी किंचाळतंय. पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून आवाज आला, "बंद करा हो ते!" बंद केलं आणि पुतण्याला एकच शब्द लिहून पाठवला : गोंगाट.

पाठवला आणि अस्वस्थ झालो. हा शब्द माझा नव्हे, बाबांचा.

पुतण्याचा फोन आला. म्हणाला, हा फ्रान्समधला फ्री जॅझ, पियानोवाला फ्रान्स्वा त्युस्क. १९७१ सालची त्याची 'इंटरकम्युनल म्युझिक' ही रेकॉर्ड. हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सच्या विचारातून आलेलं. पुढे परदेशातून आलेल्या कामगार-कलाकारांना घेऊन त्याने वाद्यवृंद काढला. त्याच काळात, १९७३ मध्ये, शिकणाऱ्या पोरांच्या लष्करी सेवेची सवलत सरकारने कमी केली, म्हणून तिथली शाळा-कॉलेजची पोरं हजारोंनी रस्त्यावर आली होती.

खरं सांगतो, फौजेवरचा त्यांचा राग मला चटकन कळला नाही. आमच्या बिलोलीकडची पोरं पहाटे उठून रस्त्यावर धावतात ती भरतीसाठी. फौज म्हणजे नोकरी, घराला पत्रे, बहिणीचं लग्न. सक्तीने बोलावलं असतं तर काय वाटलं असतं, देव जाणे.

पँथर मात्र कळले. त्याच पँथरांचं नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आणि मग मला १९७८ आठवलं.

तेव्हा मी चौथीत होतो. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. आपल्याच नांदेड जिल्ह्यात, टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ठार मारलं. माझ्या बाकावरचा एक मुलगा त्या दिवसांत शाळेत यायचा थांबला. पुन्हा आला नाही. का, ते मी कुणालाच विचारलं नाही. घरात कुणी बोलत नव्हतं.

पुढे एक-दोन वर्षांनी वस्तीत रात्री भीमगीतांचा कार्यक्रम होता. ढोलकी, पेटी, आणि कर्ण्यातून गाणाऱ्याचा चिरका, चढलेला आवाज. मी खिडकीशी उभा राहून ऐकत होतो. बाबा म्हणाले, "लाव ती खिडकी. काय गोंगाट लावलाय!"

मी लावली.

आमच्या घरातले हे वाचतील, त्यांनी रागावू नये. बाबा वाईट नव्हते. वस्तीतल्या कितीतरी पोरांची फी त्यांनी स्वतःच्या पगारातून भरली. पण त्या पोरांनी आवाज चढवला की त्यांना भीती वाटायची. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तेव्हा पेपर घडी करून ते एवढंच म्हणाले, "झालं एकदाचं." त्यात सुटका होती की आनंद, मला आजही सांगता येणार नाही.

मला वाटतं, गाणं कानाला गोड लागावं ही अट ऐकणाऱ्याची असते. ज्याची झोपडी जळाली, किंवा ज्याच्या हातात उद्या बंदूक देणार आहेत, त्याने सुरात राहावं असं मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि मला तर भीमगीतं गोडच वाटत होती. तरी खिडकी लावली.

असो. पुतण्याला अजून दुसरं उत्तर पाठवलेलं नाही. आधी ती रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकेन म्हणतो. दुसरं एक काम त्याहून अवघड आहे. पुढच्या वेळी बिलोलीला गेलो की त्या बाकावरच्या मुलाची चौकशी करायची. पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली. आता तोही आजोबा झाला असेल.

तो भेटला तर काय बोलायचं, ते ठरत नाहीये.