लाल टोपण, नारिंगी टोपण

आमच्या शाळेतून कराडला परिचर्या शिकावयास गेलेल्या एका विद्यार्थिनीने सांगितलेली हकीकत आमच्या मनातून जात नाही. इन्शुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये कुठे 40 युनिट असतात, कुठे 100; 40च्या सिरिंजचे टोपण लाल, 100च्या सिरिंजचे नारिंगी. 100ची कुपी आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली, तर 20च्या खुणेपर्यंत भरताच 50 युनिट शरीरात जातात. तिच्या हाती नेमकी तीच जोडी आली. रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ हा ताळा तोंडपाठ होता. वरिष्ठांना विचारावयास मात्र जीभ रेटेना. शेजारच्या मैत्रिणीने विचारले, म्हणून निभावले. पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालावयास लावलेल्या घरांतील या मुली! हल्ली आठवीच्या इतिहासाच्या तासाला ‘सर, हे साल कशावरून?’ असे विचारणाऱ्या मुलीच्या हाती आम्ही खडू देतो.