वरातीच्या स्पीडनं

फिशिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? टोपी नाकापर्यंत ओढून काठावर पेंगणारा माणूस, हातात काठी, शेजारी बिअर. बरोबर ना? मग माझ्या मावसभावाचं गॅरेज बघाच. अमेरिकेत ओहायो राज्यात क्लीव्हलँड नावाचं शहर आहे, लेक ईरीच्या काठावर. जुलै २०२३ मध्ये मी तिकडे गेले, तेव्हा दादा त्या गॅरेजमध्ये पक्कड, कानस आणि वही घेऊन बसलेला असायचा. चष्मा कपाळावर, चेहरा सोनारासारखा.

त्याची नोकरी जाऊन तेव्हा ४१ दिवस झाले होते. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली, की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नव्या कंपनीनं तुमचे पेपर फाईल करायचे, नाहीतर गाशा गुंडाळायचा. बारा वर्षांचा संसार, मुलाची शाळा, सगळं! वहिनीनं सोफा आणि डायनिंग टेबल विकायला ऑनलाईन टाकलंही होतं. दादा सकाळी नऊ ते चार अर्ज पाठवायचा, इंटरव्ह्यू द्यायचा आणि चारनंतर गॅरेजमध्ये. घरात त्या विषयावर कुणी फार बोलत नव्हतं. मग मीही क्रँकबेटबद्दलच विचारलं.

क्रँकबेट म्हणजे प्लॅस्टिकचा किंवा हलक्या बाल्सा लाकडाचा खोटा मासा. पोटाखाली तीन टोकांचे गळ आणि तोंडाशी पुढे आलेली पारदर्शक जीभ. सगळी जादू या जिभेत! नुसता पाण्यात टाकला तर हा मासा सहसा तरंगतो. ओढला, की पाणी जिभेवर दाबतं आणि तो डुलत डुलत खाली सूर मारतो. जीभ मोठी आणि सरळ पुढे आलेली असेल तर खोल जातो. आखूड आणि खाली वळलेली असेल तर वरच राहतो. चालत्या बोटीमागे असे चार-सहा मासे ओढत न्यायचे, त्याला म्हणतात ट्रोलिंग. (नेटवरचं ते वेगळं!)

या कुळातलं सगळ्यात गाजलेलं आमिष फिनलंडचं. लाउरी रापाला नावाच्या कोळ्यानं १९३६ साली बुचाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वर लेप दिला. जुगाड फक्त आपल्याकडेच चालतो, असं कुणी म्हणू नये.

"मासा पकडायचं ऐंशी टक्के काम इथेच होतं," दादा म्हणाला. आमिष थेट तंगुसाला न बांधता तो बारीक गोल तोंडाची स्नॅप लावतो. जड स्वीव्हल तोंडाशी आलं, की माशाचं डुलणं मरतं. प्रत्येक गळ नखावर घासून बघायचा. घसरला तर बोथट, लगेच कानस. रॉड लांब आणि मऊ, कारण बोट चालूच असते. ताठ रॉडनं हिसका बसून गळ माशाच्या तोंडातून फाटून सुटतो. रीलचा ड्रॅगही त्याच कारणासाठी सैल.

आणि रीलवर चक्क मीटर! रिक्षासारखा. किती फूट तंगूस सोडला, ते दाखवणारा. कारण खोली ठरते ती त्या आकड्यावर. जास्त सोडा, आमिष अजून खाली जातं. पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे तंगुसालाच पाणी इतकं अडवतं, की आमिष आणखी उतरत नाही. तंगूस बारीक असेल तर अडथळा कमी, म्हणून तेच आमिष जास्त खोल. दादाच्या वहीत प्रत्येक क्रँकबेटचं एक पान: किती फुटांवर किती खोल. कोडिंग सोडून आयुष्यात कधी वही न घातलेला माणूस!

शनिवारी पहाटे निघालो. माझंही एका दिवसाचं लायसन्स काढलं. लेक ईरीला तळं म्हणणं म्हणजे विनोदच. ३८८ किलोमीटर लांब, म्हणजे मुंबई-रत्नागिरीहून जास्त. पण पंच महासरोवरांत सगळ्यात उथळ, सरासरी खोली जेमतेम १९ मीटर. इथला हिरो वॉलआय. काचेसारखे चमकणारे डोळे, अंधुक उजेडातही बघणारे. त्याच्यासाठी लोक काय काय करतात! सप्टेंबर २०२२ मध्ये क्लीव्हलँडच्याच एका स्पर्धेत जिंकणाऱ्या जोडीच्या माशांची पोटं चिरली, तर आत शिशाचे गोळे. पुढच्या वर्षी दोघांना दहा दिवसांची कैद झाली, बोटही गेली.

पाण्यावर दादानं आधी प्रत्येक आमिष बोटीच्या कडेला ओढून बघितलं. एक सारखं डावीकडे पळत होतं. त्यानं पक्कडीनं नाकातली तारेची कडी केसभर उजवीकडे वाकवली. पुन्हा ओढलं. सरळ! याला ट्यूनिंग म्हणतात आणि गिटारवाल्यांइतकंच ते हे लोक सीरियसली घेतात.

सोनारवर मासे २५ फुटांवर दिसत होते. वॉलआय सहसा वर बघून झडप घालतो, म्हणून आमिष थोडं वरून न्यायचं, २० ते २२ फुटांवर. वही उघडली, मीटर बघत तंगूस सोडले. वेग ताशी तीनेक किलोमीटर. वरातीचा स्पीड, बॉस! दोन्ही बाजूंना प्लेनर बोर्ड नावाच्या तरंगत्या फळ्या तंगूस लांब ओढून नेतात, म्हणजे गुंता नाही आणि बोटीच्या आवाजानं मासे बुजत नाहीत.

मागच्या दोन रॉड मात्र सरळ होत्या. त्यांचं टोक अखंड थरथरत होतं. "ती थरथर थांबली, तर समज गवत अडकलं," दादा म्हणाला. मी टोकाकडे बघत बसले. फोन खिशात होता, एकदाही काढला नाही. दादाचा मात्र डॅशबोर्डवर होता, आवाज फुल. शनिवारी कुठली एचआर फोन करणार होती?

मग वळणाची गंमत. बोट उजवीकडे वळली, की आतल्या बाजूची आमिषं मंदावतात, बाहेरची वेग घेतात. त्या दिवशी लागोपाठ दोन मासे आतल्या रॉडला लागले. "त्यांना स्लो हवंय," म्हणत दादानं थ्रॉटल कमी केलं आणि अर्ध्या तासात आणखी तीन. दुसरा मासा मी ओढला. जाळीत घेताना दादा असा ओरडला, की शेजारच्या बोटीतले म्हातारबुवा टाळ्या वाजवायला लागले. इतक्या दिवसांत मी त्याचा मोठा आवाज पहिल्यांदा ऐकला.

संध्याकाळी वहिनीनं आगळ, हळद, तिखट लावून रवा फ्राय केले. सुरमईची सर नाही, पण छान लागतात. जेवताना वहिनीनं विचारलं, "बोट पण टाकायची का रे साईटवर?" दादानं काटा काढता काढता मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही.

५३व्या दिवशी कोलंबसच्या एका कंपनीनं त्याचे पेपर फाईल केले. मी तोवर पुण्यात परतले होते. तिथून लेक ईरी दोन तासांवर. सोफा विकला गेला होता, त्यामुळे नव्या घरात पहिले काही दिवस सगळे जमिनीवरच बसत होते. वहिनीनं पाठवलेल्या फोटोत मागे रिकामा हॉल दिसतो आणि कोपऱ्यात आठ रॉड.