बारा जणांचा संघ

जुलै संपत आला की माणदेशातल्या आमच्या हायस्कूलमध्ये खो-खोचं मैदान आखायला घ्यायचे. लांबी २७ मीटर, रुंदी १६. सुतळी ताणून माप धरायचं आणि भोकं पाडलेल्या डालड्याच्या डब्यातून फक्की सोडत जायचं. खांब पॉलिश पेपरनं घासघासून गुळगुळीत करायचे, म्हणजे झेप घेताना तळहातात कूस जात नाही.

संघ बारा जणांचा, नऊ मैदानात आणि तीन राखीव. चपळ पळणारे दोघं-तिघंच. बाकीची वर्गातली साधी पोरं. पण खो-खोची गंमत तिथेच आहे. आठ पाट्यांत आठ जण बसतात, शेजारच्या दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. खो मिळण्याआधी उठलं की फाऊल, क्षणभर उशीर झाला की गडी निसटला. चौथ्या पाटीतला, एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेला मुलगा वेळेवर उठला म्हणून सामना जिंकल्याचं आम्ही पाहिलंय. त्या दिवशी गावात त्याच्या बापाचीही मान ताठ असायची.

तालुक्याला जायला टेम्पो गावातलाच कुणीतरी द्यायचा, डिझेल वर्गणीतून. मुलींचा संघ न्यायचा तर बाई आणि सर आधी घरोघर जाऊन आयांना भेटायचे. ललिता बाबर याच माण तालुक्यातल्या मोही गावची. तीही आधी खो-खोच खेळायची, पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. टीव्हीवर ती शर्यत बघताना आमच्याकडच्या कितीतरी बायकांना आपलं शाळेचं मैदान आठवलं असेल.

आजचा खेळ आमच्या वेळेपेक्षा फार पुढे गेलाय, याचा मनापासून आनंद आहे. मॅट आली, बूट आले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे! गुणी मुलाला आज क्रीडा प्रबोधिनीची वाट आहे. राधानगरीतल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे त्याच वाटेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधल्या नेमबाजीच्या कांस्यपदकापर्यंत पोहोचला.

गावात मात्र बारा जण जमत नाहीत. सकाळी सातलाच इंग्रजी माध्यमाची पिवळी बस येते आणि निम्मी पोरं तालुक्याला घेऊन जाते. उरलेल्यांतली काही दुपारनंतर क्लासला. क्रीडाशिक्षक निवृत्त झाले की जागा रिकामीच राहते, मग गणिताचे सर शिट्टी गळ्यात घालून वेळ निभावतात. हुशार खेळाडू कुठेतरी निवडला जातो, त्याचं भलं होतं. चौथ्या पाटीतल्या मुलाला मात्र कुणी निवडायला येत नाही. त्याला खेळायला फक्त शाळेचा संघच होता. आणि बसणारे आठ नसतील, तर उद्याच्या ललितेनं तरी खो द्यायचा कुणाला?

एका शाळेत सात मुली, शेजारच्या गावात सहा, आणि दोन्ही संघ कागदावरही उतरत नाहीत, कारण शालेय स्पर्धेत प्रवेश शाळेच्या नावानं असतो. लहान गावांच्या दोन-तीन शाळांना मिळून एक संघ उतरवू द्यावा. सराव एका गावात सोमवार ते बुधवार, दुसऱ्यात गुरुवार ते शनिवार. टेम्पो द्यायला आजही गावात माणसं आहेत.