अरबी घोडा आणि आपली भीमथडी

लोणावळा

प्रिय सुलू,

दुबईहून पाठवलेले अरबी घोड्यांचे फोटो मिळाले. घरात सगळ्यांना दाखवून झाले! हा घोडा इतका वेगळा का दिसतो, असं विचारलंस ना? त्याचं तोंड बघ. कपाळ रुंद, डोळे टपोरे, नाकाची रेघ मध्येच आत दबलेली आणि नाकपुड्या मोठ्या. पळायला लागला की शेपूट ताठ वर. घोड्याला एरवी बरगड्यांच्या १८ जोड्या असतात; यांच्यातल्या बऱ्याच जणांना १७च. कमरेचे मणकेही सहाऐवजी पाच, म्हणून पाठ आखूड. उंची साधारण ५७ ते ६१ इंच, पण दमसास असा की शंभर मैलांच्या शर्यतीत आजही हाच पुढे.

वाळवंटात बेदुईन लोकांनी त्याला तंबूच्या दाराशी वाढवलं. चारा-पाणी कमी, मग शिंगरांना उंटिणीचं दूध. वंशावळ तोंडपाठ, तीही आईकडून मोजायची: कुहैलान, सक्लावी, हमदानी अशी घराणी. छाप्याला घोडीच न्यायची, कारण शत्रूच्या घोड्यांची चाहूल लागली तरी ती खिंकाळत नाही. मला त्यांचं हे शहाणपण फार आवडतं.

आता आपल्याकडचं ऐक. शतकानुशतकं हे घोडे गलबतांतून चौल, गोवा आणि पुढे मुंबईला उतरत. रॉबर्ट्स या इंग्रज सेनापतीनं १८७७ मध्ये मुंबईत घेतलेला व्होनोलेल अरबीच. काबूल-कंदाहारच्या मोहिमेसाठी राणी व्हिक्टोरियानं त्या घोड्यालाही पदक दिलं!

घाट चढून आलेलं हे रक्त इथल्या तट्टांत मिसळलं आणि भीमा-नीरेच्या काठी भीमथडी घोडा तयार झाला. बुटका, काटक, कड्याकपारीत पाय न चुकणारा. मराठी स्वारांनी याच्याच पाठीवर मुलूख पालथा घातला. राज्यगीतात त्याचं नाव आपण अभिमानानं गातो, पण प्रत्यक्षात तो सांभाळलाय धनगरांनी. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ते कोकणाकडे निघतात, तेव्हा घोडीच्या पाठीवर अख्खा संसार असतो: भांडी, वाकळा, वर बांधलेल्या कोंबड्या, कधी नुकतंच जन्मलेलं कोकरू. आणि ती निमूटपणे चालत असते. सरकारदरबारी स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद झाली, ती अगदी अलीकडे.

दिवाळीला येशील तेव्हा चार दिवस जास्त काढ. बारामतीकडे जाऊ, एखाद्या वाड्यावर थांबू आणि भीमथडी जवळून बघू.

तुझी,
माई