परिपाठापासून पालकसभेपर्यंत

प्राथमिक वर्गाचा दिवस परिपाठाने सुरू होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, बातम्या. आणि हे सारे चालवतात मुलेच. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर या सवयीला मोठे मोल आहे, कारण तिथे अनेकदा दोनच शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात. (पट ६०पर्यंत असला, तर शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने दोनच शिक्षक मिळतात.) एका इयत्तेचे गणित चालू असताना दुसरीकडे गटप्रमुख वाचन घेतो, चौथीतली मुलगी पहिलीतल्याला अक्षरे गिरवायला बसवते. फळा पुसणे, खिचडीच्या वेळी रांग लावणे ही कामे आठवड्याला बदलावीत. एकाच हुशार मुलाला वर्षभर मॉनिटर ठेवणे चूक आहे.

पालकांशी संवाद अधिक अवघड. द्राक्षांच्या हंगामात आईबाप दिंडोरी-निफाडच्या बागांत राबायला जातात. दुपारच्या सभेला येणार कोण? व्हॉट्सअ‍ॅपवरची सूचना साध्या फोनवर पोचत नाही. अशा वेळी शिक्षकाने संध्याकाळी घरी जाऊन बोलणे, हाच खात्रीचा मार्ग. २००९च्या त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला असाव्या लागतात. तिची बैठक मजुरीच्या वेळेत ठेवू नये.