गुरुवारची पेटी

सतार वाजवणारा सतारिया, तबला वाजवणारा तबलिया. पेटी वाजवणारा मात्र नुसता ‘पेटीवाला’. जणू बिचारा पेटी डोक्यावर घेऊन दारोदार विकत फिरतो! पंडितांनीही या वाद्याची कदर फार उशिरा केली. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती हाती लागत नाहीत, शिवाय जन्म परदेशातला. आरोप खोटे नाहीत. ऑल इंडिया रेडिओने तर मार्च १९४० पासून तिला दाराबाहेर उभी केली आणि १९७१ मध्ये साथीपुरती आत घेतली.

आमच्या बेळगाव भागात मात्र तिला कोणी बाहेर उभी केली नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले आणि नाट्यपदांच्या वेडाबरोबर पुढे पेटीही घरोघर पोचली. त्यात या गावाला पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) लाभले. त्यांनी शिष्यांच्या पिढ्या घडवल्या. त्यामुळे आमच्याकडचा श्रोता पेटीच्या बाबतीत भलताच खट. चुकीचा सूर लागला तर तो काही बोलत नाही, फक्त पानाचा डबा उघडतो.

आमची गुरुवारची बैठक अर्थात या उंचीची नव्हे. शहापुरातल्या एका माडीवर आम्ही सात-आठ जण जमतो. पेटी सगळ्यांची मिळून एकच, वर्गणीतून घेतलेली. दर तीन महिन्यांनी ती एकेकाच्या घरी मुक्कामाला जाते आणि गुरुवारी तेवढी माडीवर येते. १९८५ साली मी या बैठकीत शिरलो तेव्हा कॉलेजात होतो आणि माझ्याकडे टाळ दिलेला होता. प्रमुख मंडळी तिघे: वडगावचे विणकर अण्णा, एक सोनार आणि बैलहोंगलकडचे, घरी कन्नड बोलणारे बँकेतले कॅशियरसाहेब. सोनार पेटीचे वैद्य. सूर चढवायचा तर पट्टीचे टोक किंचित घासायचे, उतरवायचा तर मुळाकडे घासायचे, हे मी त्यांच्याकडून शिकलो. सोने घासताना जपत नसतील एवढे ते पितळ घासताना जपत.

या पेटीचा स्वभाव म्हणजे मृग लागला की लाकूड फुगायचे आणि मधल्या सप्तकातला धैवत एकदा दाबला की वर यायचे नाव घेत नसे. मग पावसाळाभर धैवत वर्ज्य असलेले राग! हंसध्वनी, जोग, तिलंग आणि परत हंसध्वनी. ‘आमच्याकडे ऋतूप्रमाणे नव्हे, सुताराप्रमाणे राग गातात,’ असे अण्णा नव्या माणसाला गंभीरपणे सांगत. कॅशियरसाहेब मात्रा मोजायचे त्या नोटा मोजल्यासारख्या. सम चुकली की म्हणत, ‘एक कमी आहे, पुन्हा मोजा.’ कोणी तान लांबवली की ‘साकु री, साकु!’ असा पुकारा व्हायचा. पुरे म्हणायला हा शब्द मराठीपेक्षा मला आजही जास्त जोरकस वाटतो.

गाण्यात निम्मे अभंग, निम्मी पुरंदरदासांची पदे. अण्णा कन्नड पदे देवनागरीत उतरवून घेत, कॅशियरसाहेब अभंग कन्नड लिपीत. इथे खरी गंमत होती. कन्नडात ऱ्हस्व ‘ए’ वेगळा, दीर्घ वेगळा. देवनागरीत त्याची सोय नाही. म्हणून अण्णा मात्रेवर पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचे आणि ऐन गाण्यात ते टिंब की माशीची करामत, याचा उलगडा होत नसे. उलट आपला ‘चार’मधला च आणि ‘चांदी’मधला च कन्नड लिपीला सारखेच. त्यामुळे कॅशियरसाहेबांच्या तोंडी तुकोबा थोडे बैलहोंगलचे होत. विठ्ठल दोन्हींकडचा आहे, वगैरे मुद्दा सभासंमेलनांत इतका वापरून झाला आहे की तो इथे सोडून देतो.

१९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटले. गोळीबार झाला, माणसे गेली. अण्णा मोर्चात होते. त्या तिमाहीत पेटी नेमकी कॅशियरसाहेबांच्या घरी. इकडे गाणारे होते, पेटी नव्हती. तिकडे पेटी होती, गाणारे नव्हते. असे नऊ गुरुवार गेले. कोणी म्हणाले, पेटी मागवून घ्या. कोणी म्हणाले, नवी घेऊ, त्या घराची पायरी चढायची नाही. तेव्हाचा राग लटका नव्हता. ज्यांच्या ओळखीतला माणूस गेला होता त्यांना ‘संगीताला भाषा नसते’ असे सांगण्याची कोणाची छाती नव्हती, आणि ते खरेही नाही. पदाला भाषा असतेच.

दहाव्या गुरुवारी अण्णाच उठले. पावसात पेटी न वाजवता ठेवली तर भात्याला बुरशी धरते, एवढेच कारण त्यांनी दिले. मी छत्री धरून बरोबर गेलो. कॅशियरसाहेबांनी दार उघडले, म्हणाले, ‘बर्री अण्णा, कूड्री.’ पेटी पुसून ठेवलेली होती. आपण दर गुरुवारी सात वाजता तासभर भाता हलवतो, एकट्याने, असे त्यांनी सांगितले. अण्णांनी विचारले, ‘धैवत?’ ते म्हणाले, ‘अडकतोच आहे.’ चहा झाला. मोर्चाचा विषय निघाला नाही असे नाही. निघाला, आवाज चढले, वहिनी आतून दोनदा डोकावून गेल्या. मग रात्री साडेदहापर्यंत तिलंग झाला.

सीमाप्रश्नावर त्या दोघांचे त्या दिवशी पटले नाही, नंतरही नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, २०१४ साली गावाचे नाव सरकारदरबारी ‘बेळगावी’ झाले. त्या त्या आठवड्यात बैठकीला उशिरा सुरुवात झाली, इतकेच. एकमेकांना टोमणे मारण्याची सवय आधीपासून असल्यामुळे मोठे भांडणही त्याच वाटेने वाहून जायचे.

सोनार आता नाहीत. त्यांची कानस आम्ही पेटीच्या खणात ठेवली आहे, वापरायची हिंमत कोणाची होत नाही. अण्णा पंचाहत्तरीला आले, कॅशियरसाहेब त्यांच्याहून थोडे पुढे. दोघांनाही माडीचा जिना चढवावा लागतो. तंबोरा आता मोबाइलमध्ये असतो आणि तो पावसाळ्यात फुगत नाही, याबद्दल दोघांचेही मत वाईट आहे. यंदा दोन मुले नव्याने येऊ लागली आहेत, एक मराठी घरातला, एक कन्नड. दोघेही इंग्रजी शाळेतले. हात बरे आहेत, कान उत्तम आहेत. परवा त्यांनी वही उघडली तर अभंग आणि पुरंदरदासांचे पद, दोन्ही रोमन लिपीत लिहिलेले! अण्णांनी वही कॅशियरसाहेबांकडे सरकवली. त्यांनी चष्मा पुसून ती पाहिली आणि परत अण्णांकडे सरकवली. मग दोघे मिळून त्या पोरांवर तुटून पडले, एक मराठीत, एक कन्नडात. चाळीस वर्षांत एखाद्या मुद्द्यावर या दोघांचे एकमत झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.